मरळीकडे आहे ते गॉलमकडे नाही: नव्या माशाचं शरीर कसं वाचतात

मागच्या पावसाळ्यात आत्याकडे गेले होते तेव्हा तिने बाजारातून मरळ आणायला सांगितली. मासेवाल्या मावशींच्या टबात जेमतेम चार बोटं पाणी होतं, त्यात पाच-सहा मरळी एकमेकींच्या अंगावर पडलेल्या आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक मरळ तोंड पाण्याबाहेर काढायची, हवा गिळायची आणि परत खाली जायची. दुसरा बहुतेक कुठलाही मासा असता तर एवढ्या पाण्यात तासाभरात मेला असता. मावशींनी मरळ साफ करून दिली आणि डोकं मधोमध उभं चिरून दिलं, कालवणात घालायला. घरी आल्यावर आत्या वाटण वाटत होती तोवर मी ते अर्धं डोकं ताटलीत घेऊन खिडकीपाशी उजेडात बसले.

कल्ल्यावरचं झाकण उचललं की खाली लालभडक कंगव्यासारखे कल्ले दिसतात, ते सगळ्याच माशांना असतात. पण मरळीत त्या कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या आत, एक पोकळी असते. बोटाच्या टोकाने चाचपून बघा, आत पातळ हाडाच्या वळ्या लागतात आणि त्यांच्यावर गुलाबी, रक्त भरलेली नाजूक कातडी असते. तोंडाने गिळलेली हवा इथे येते आणि त्या कातडीतून ऑक्सिजन सरळ रक्तात जातो. म्हणजे मरळीकडे कल्ले तर आहेतच, वर डोक्यात हवेतून श्वास घ्यायची वेगळी सोयही आहे. म्हणून ती टबात जगते, उन्हाळ्यात डबकं आटत आलं तरी चिखलात तग धरते, आणि उलट तिला वर येऊन हवा घेऊच दिली नाही तर ती पाण्यात राहूनही गुदमरून मरू शकते.

हे सगळं एवढ्या बारकाईने बघायचं कारण म्हणजे केरळातला एक मासा, ज्याच्याबद्दल मी तेव्हा वाचत होते. दिसायला मरळीच्या नात्यातला, पण डोक्यातली ही खोलीच त्याला नाही.

त्याचं शास्त्रीय नाव एनिग्माचन्ना गॉलम. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला होता तो आठवत असेल. मलप्पुरम जिल्ह्यात ऊरकम नावाचं गाव आहे, तिथे पुरानंतर भाताच्या खाचरात हा विचित्र मासा सापडला, कोणीतरी फोटो सोशल मीडियावर टाकला आणि तो फिरत फिरत माशांच्या अभ्यासकांपर्यंत पोचला. त्यांना फोटो बघूनच कळलं की हे काहीतरी वेगळं आहे. २०१९ मध्ये राल्फ ब्रिट्झ, व्ही. के. अनूप, नीलेश डहाणूकर आणि राजीव राघवन या चौघांनी त्याचं रीतसर वर्णन छापलं. यातले डहाणूकर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत काम केलेले, म्हणजे आपल्याकडचा धागा आहेच. एनिग्मा म्हणजे कोडं, चन्ना म्हणजे मरळीच्या वंशाचं नाव, आणि गॉलम हे इंग्रजी कादंबरीतलं पात्र, जमिनीखाली अंधारात वर्षानुवर्षं राहून बदलून गेलेलं. हा मासासुद्धा जमिनीखालच्या पाण्यात राहतो, खडकातल्या पोकळ्यांमध्ये, आणि पुराच्या पाण्याबरोबर कधीतरी वर येतो.

आता बातमीत आपण वाचतो की "नवी प्रजाती सापडली" आणि पुढे जातो. पण सापडणं वेगळं आणि नवी आहे हे सिद्ध करणं वेगळं. सापडायला एक मिनिट लागतं, सिद्ध करायला महिने जातात, आणि त्यात बहुतेक काम असतं शरीर वाचायचं. ते कसं चालतं हे नीट कोणी सांगत नाही म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिलं काम बाहेरून. माशाचा फोटो किंवा चित्र नेहमी डावीकडे तोंड असलेलं घेतात. जगभर हीच रीत आहे, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचं चित्र आणि कालचा फोटो शेजारी ठेवून ताडून बघता येतात. म्हणून डावी बाजू जपतात आणि डीएनएसाठी पराचा किंवा मांसाचा तुकडा काढायचा तर तो उजव्या बाजूने काढतात. तो तुकडाही आधी काढून अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो, कारण मासा टिकवायला फॉर्मॅलिनमध्ये घातला की आकार छान राहतो पण डीएनए खराब होतो.

मग मोजमापं. माशाची लांबी म्हटल्यावर आपण तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत धरतो, पण शास्त्रात शेपटीचा पर सोडून देतात. तोंडाच्या टोकापासून शेपटीचा पर जिथे सुरू होतो तिथपर्यंतच पट्टी लावायची, कारण शेपटीचा पर झिजतो, फाटतो, दुसरा मासा चावा घेतो, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. बाकी सगळं या लांबीच्या टक्क्यांत सांगायचं, डोकं किती टक्के, पाठीवरचा पर तोंडापासून किती टक्क्यांवर सुरू होतो वगैरे. टक्के कशाला, तर पिल्लू आणि मोठा मासा यांची मिलिमीटरमध्ये तुलना होत नाही, प्रमाणात होते. आपल्याकडे लहान पोराचा चेहरा बघून "अगदी आजोबांवर गेलाय" म्हणतात ना, तेव्हा आपण नाक किती सेंटिमीटर आहे ते बघत नाही, कशाच्या मानाने काय आहे ते बघतो.

त्यानंतर मोजणी, आणि हे काम फार चिकाटीचं. माशाचा पर म्हणजे नुसता पातळ पडदा नाही, त्याच्या आत छत्रीच्या काड्यांसारख्या काड्या असतात. काही टणक आणि टोकदार, जे आपल्या बोटात घुसतात ते काटे, आणि काही मऊ, सांध्यासांध्यांच्या, टोकाला फाटे फुटलेल्या. काटे रोमन आकड्यांत लिहायचे आणि मऊ काड्या साध्या आकड्यांत. पराच्या अगदी शेवटी कधीकधी दोन काड्या एकाच बुडातून निघालेल्या दिसतात, त्या दोन धरायच्या की एक यावरून दोन माणसांची मोजणी वेगळी येऊ शकते म्हणून त्याचाही नियम ठरलेला आहे. मरळीच्या बाबतीत गंमत म्हणजे तिच्या कुठल्याच परात काटा नसतो, सगळ्या काड्या मऊ. पुढच्या वेळी मरळ हातात आली की पाठीवरच्या त्या लांब परावरून उलटा हात फिरवून बघा, टोचत नाही. खाजऱ्या किंवा तिलापिया असेल तर असं अजिबात करू नका.

खवलेही मोजतात. माशाच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीकडे एक रेघ दिसते, ती रंगाची रेघ नसते, तिथल्या खवल्यांना बारीक भोकं असतात आणि त्यातून माशाला पाण्यातली हालचाल कळते. त्या रेघेवर किती खवले, रेघेच्या वर किती ओळी, खाली किती ओळी, सगळं सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक मोजायचं. गॉलम वीतभरही नाही, सापासारखा लांबोडका आणि सडपातळ, त्याच्यावर हे करायला किती वेळ जात असेल याचा अंदाज करा.

बाहेरचं झालं की आत बघायचं, आणि खरी मजा तिथे आहे. पण नमुना एक-दोनच असतील तर चिरून कसं चालेल? ज्या एका नमुन्यावर नाव ठेवलं जातं त्याला होलोटाइप म्हणतात, तो संग्रहालयात कायमचा जपायचा असतो, कारण शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याला तोच मासा काढून बघता आला पाहिजे. म्हणून हल्ली सीटी स्कॅन करतात. हॉस्पिटलमध्ये माणसाचं करतात त्याच तत्त्वावर, फक्त मशीन फार बारीक बघणारं. मासा तसाच्या तसा राहतो आणि स्क्रीनवर त्याचा अख्खा सांगाडा गोल फिरवून बघता येतो, एकेक मणका वेगळा.

दुसरी जुनी पद्धत मला जास्त आवडते. मांस पचवणाऱ्या एन्झाइममध्ये मासा ठेवतात, हळूहळू मांस काचेसारखं आरपार होत जातं, हाडाला लाल रंग देतात आणि कूर्चेला निळा, मग ग्लिसरीनमध्ये ठेवतात. शेवटी हातात येतो तो पारदर्शक मासा, आत लाल-निळा सांगाडा जागच्या जागी. एकदा एका प्रदर्शनात अशी बाटली बघितली होती, आत करंगळीएवढा मासा होता आणि त्याच्या बरगड्या केसाइतक्या बारीक, पण प्रत्येक मोजता येत होती. मी बराच वेळ तिथून हललेच नव्हते.

तर गॉलमच्या आत बघितल्यावर काय निघालं? आधी तो मरळीच्याच कुळात टाकला होता (जवळच्या प्रजाती मिळून वंश होतो आणि जवळचे वंश मिळून कुळ), २०१९ च्या लेखात तसंच आहे. बाहेरून तसाच वाटतो, लांब अंग, पाठीवर आणि पोटाकडून लांबच लांब पर. पण हाडं आणि अवयव नीट बघितल्यावर फरक वाढतच गेले. मी सुरुवातीला सांगितलेली डोक्यातली हवेची खोली नाही. शरीरातली हवेची पिशवी, जिला पुस्तकात वाताशय म्हणतात आणि जिच्यामुळे मासा पाण्यात तरंगून राहतो, ती आखूड. मरळीत ही पिशवी पोट संपलं तरी थांबत नाही, शेपटीत आतपर्यंत जाते, मासा साफ करताना कण्याला लागून जो लांब पांढरा फुगा निघतो तो हाच. गॉलममध्ये तसं नाही. ढुंगणाकडचा पर मरळीपेक्षा बराच पुढून सुरू होतो. आणि मरळीच्या खालच्या जबड्याला जो जादाचा टेकू असतो तोही इथे नाही.

म्हणजे यादी बघा, नाही, आखूड, नाही. नव्या माशाचं वर्णन म्हणजे त्याच्याकडे काय विशेष आहे ते, असं आपल्याला वाटतं, पण इथे सगळी गोष्ट नसण्यावर उभी आहे. आणि नसण्याचे दोन अर्थ होतात. एक, होतं पण हरवलं. दोन, मुळात कधी नव्हतंच. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

समजा गावात एका घरात वीज नाही. कदाचित पूर्वी होती, मग तोडली, तर भिंतीत खिळे दिसतील, वायरची भोकं दिसतील, मीटरच्या फळीचा चौकोन उमटलेला दिसेल. पण भिंत कोरी असेल, शिवाय चूल जुन्या पद्धतीची, वर नळीची कौलं, दाराला लाकडी आडणा, तर तुम्ही म्हणाल हे घर वीज यायच्या आधीचंच आहे. एका खुणेवर नाही, सगळ्या खुणा एकाच दिशेला गेल्या म्हणून.

गॉलमबद्दल पहिली शंका हीच यायला पाहिजे आणि ती रास्त आहे. जमिनीखालच्या पाण्यात वर येऊन हवा घ्यायला जागाच कुठे आहे, मग हवेची खोली निरुपयोगी होऊन गेली असेल, जसे अंधारात राहणाऱ्या माशांचे डोळे जातात. केरळातच त्याचं उदाहरण आहे. होराग्लॅनिस नावाचे बारके शिंगाळ्याच्या जातीतले मासे, कोट्टयमच्या विहिरींमधून पहिल्यांदा १९५० मध्ये त्यांचं वर्णन झालं, त्यांना डोळे नाहीत आणि अंगात रंग नाही, त्यामुळे आतलं रक्त दिसून मासा लालसर दिसतो. तिथे डोळे हरवले हे उघड आहे, कारण बाकी बहुतेक शिंगाळ्यांना डोळे आहेत.

पण गॉलमला डोळे आहेत, चांगले डोळे. अंगालाही तांबूस तपकिरी रंग आहे. म्हणजे अंधारामुळे सगळं गेलं असं म्हणावं तर जे सगळ्यात आधी जायला हवं ते जागेवर आहे. आणि परत जबड्याचा टेकू, हवेच्या पिशवीची लांबी, पराची जागा, या सगळ्याचा अंधाराशी काय संबंध? या खुणा एकत्र बघून अभ्यासकांनी असं मांडलं की हा मासा जुन्या ठेवणीचा आहे, मरळीने तिच्या खास गोष्टी मिळवल्या त्याच्या आधीची शरीराची रचना याने जपून ठेवली आहे. कौलं, चूल, आडणा, सगळं जुनं.

डीएनए बघितला तर तोही हेच म्हणाला. आज आशियात मरळीचे जितके प्रकार आहेत आणि आफ्रिकेत त्यांचे जे भाऊबंद आहेत, ते सगळे एका बाजूला आणि गॉलम एकटा दुसऱ्या बाजूला. म्हणून २०२० मध्ये त्याला स्वतंत्र कुळच दिलं, एनिग्माचन्निडी. नवी प्रजाती दर वर्षी कितीतरी येतात, नवा वंश कमी वेळा, पण माशांचं अख्खं नवं कुळ मिळणं हे फार क्वचित होतं. दोन्ही घराणी वेगळी कधी झाली याचा हिशेब डीएनएमध्ये साठत गेलेल्या बदलांवरून करतात, आणि हे घड्याळ लावायला कुठला जीवाश्म धरता यावर तो बदलतो, एका हिशेबाने सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी आणि दुसऱ्याने सुमारे १० कोटी ९० लाख. हा दुसरा आकडा खरा असेल तर तेव्हा भारत आजच्या जागी नव्हताच, आफ्रिकेपासून सुटून समुद्रातून उत्तरेकडे यायच्या वाटेवर होता आणि या माशाचे पूर्वज त्या जमिनीबरोबर आले. एवढा फरक बघून काही लोक म्हणतील की मग शास्त्रज्ञांना नक्की माहीतच नाही, पण मला हे उलट चांगलं वाटतं की दोन्ही आकडे त्यांनी उघड मांडले, जो जास्त थरारक होता तेवढाच नाही छापला.

आता हे कोकणातल्या माणसाने का वाचावं ते सांगते. गॉलम जिथे राहतो तो खडक म्हणजे लॅटराइट, आपला जांभा. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन याने या दगडाला लॅटराइट हे नाव छापून दिलं तेसुद्धा मलप्पुरम जिल्ह्यातल्याच अंगडिपुरमच्या दगडावरून, खाणीत मऊ आणि हवा लागली की कडक होतो, चिरे काढून घरं बांधतात, अगदी आपल्यासारखंच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घराचा चिरा हातात घेऊन बघितला तर तो भोकाभोकांचा असतो. जमिनीखाली हीच भोकं, भेगा आणि पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि केरळात त्या पाण्यात अख्खं एक प्राणीजग निघालंय. कोकणातही निघेल असं मी म्हणत नाही, पण दगड तोच आहे आणि विहिरी गावोगाव आहेत.

आणि आपल्याकडे नवीन मासे मिळत नाहीत असंही नाही. २०२० मध्येच आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा मासा नवीन म्हणून नोंदला गेला आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. लोक शेकडो वर्षं त्या कुंडाला नमस्कार करत होते आणि मासा तिथेच होता.

केरळात हे काम पुढे गेलं ते लोकांमुळे, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. घरच्या विहिरीतून, टाकीतून, नळातून कधीतरी मासा आला की लोक अभ्यासकांना कळवायला लागले, आणि २०२३ मध्ये होराग्लॅनिसची जी नवी प्रजाती जाहीर झाली तिचं नावच पोप्युली ठेवलं, लोकांची म्हणून.

त्यामुळे विहिरीत, झऱ्यात, बोअरच्या पाण्यात कधी न बघितलेला मासा दिसला तर मारू नका, फेकू नका, पांढऱ्या भांड्यात त्याच विहिरीचं पाणी घ्या, त्यात सोडा, शेजारी पट्टी ठेवा आणि फोटो काढा. एक डाव्या बाजूचा, एक वरून, जमलं तर पर उघडे असताना. तारीख, गाव आणि पाणी किती खोल होतं ते लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात दाखवा. फोटो धूसर असला तरी चालेल पण डावी बाजू पाहिजे, ते आता तुम्हाला कळलंच आहे.

आत्याची विहीर जांभ्यातच खोदलेली आहे, बेचाळीस पायऱ्यांची, आणि या मे महिन्यात तिचा गाळ काढायचा आहे. मी आत्याला सांगून ठेवलंय की गडी उतरायच्या आधी मला फोन कर, आणि पांढरं घमेलं आणि पोराच्या कंपासमधली पट्टी आत्ताच बॅगेत टाकून ठेवली आहे.